फळ उत्तम, पण बॅच तपासली का?

कोलकात्यातल्या फोर्ट विल्यमला लष्कर आता ‘विजय दुर्ग’ म्हणते. हा बदल डिसेंबर २०२४ मध्ये ठरला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये जगजाहीर झाला. नाव घेतले ते सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या, देवगड तालुक्यातल्या विजयदुर्गाचे. पूर्व विभागाच्या या लष्करी मुख्यालयापासून मैदान ओलांडून चौरंगीवर आले आणि भारतीय संग्रहालयाच्या बाजूने थोडे पुढे गेले की किड स्ट्रीट लागतो. तिथल्या तीन क्रमांकाच्या पत्त्यावर देशाच्या दृष्टीने फार मोलाच्या दोन संस्था आहेत. एक सेंट्रल ड्रग्ज लॅबोरेटरी, जिथे औषधे तपासली जातात. दुसरी राष्ट्रीय अन्न प्रयोगशाळा, पूर्वीची सेंट्रल फूड लॅबोरेटरी, जिथे अन्न तपासले जाते.

या दोन दारांच्या मध्ये एक बाटली अडकून पडली आहे. नोनीचा आंबवलेला रस, पपई आंबवून केलेली पूड, जांभूळ, आवळा किंवा द्राक्षापासून केलेले ‘फर्मेंटेड’ पेय अशी तिची अनेक रूपे. विकणारे बहुधा ओळखीचेच असतात: सोसायटीतल्या वहिनी, नात्यातले निवृत्त काका, जिममधला प्रशिक्षक. बाटलीवर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापलेले असते, कारण नियमच तसा आहे. तोंडी मात्र मधुमेह, संधिवात, थायरॉइड इथपासून थेट कर्करोगापर्यंत सगळ्यांची नावे घेतली जातात. परवाना अन्नाचा आणि प्रचार औषधाचा, असा हा व्यवहार आहे. त्यात घेणाऱ्याला दोन साध्या प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत. या बाटलीत नेमके काय आहे? आणि ते कोणी, कधी तपासले?

फळ चांगले की वाईट, आंबवणे चांगले की वाईट, हा वाद इथे नाही. आंबवलेले पदार्थ माणसाने हजारो वर्षे पचवले आहेत. मुद्दा एवढाच की आंबवलेल्या पदार्थाची सुरक्षितता फळाच्या नावावर किंवा कृतीच्या जुनेपणावर ठरत नाही, ती प्रत्येक बॅचमध्ये नव्याने ठरते. म्हणून प्रत्येक बॅचची तपासणी बंधनकारक हवी आणि तिचा अहवाल पैसे मोजणाऱ्या माणसाला वाचता यायला हवा. आज आपल्याकडे या दोन्ही गोष्टी होत नाहीत.

घरात दही लावणाऱ्या कोणालाही यामागचे कारण वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. दूध तेच, विरजण तेच, तरी मे महिन्यातले दही आणि डिसेंबरमधले दही एकसारखे लागत नाही. फळांचेही तसेच होते, फक्त त्यात गुंतागुंत जास्त. यीस्ट साखरेचे अल्कोहोल करते, काही जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात, हवा मिळाली तर दुसरे काही जिवाणू अल्कोहोलचे ॲसेटिक आम्ल करतात. फळांच्या सालीत आणि गरात पेक्टिन असते. एन्झाइमांनी ते फुटू लागले की त्यातून मिथेनॉल सुटते. साध्या फळांच्या रसातही मिथेनॉलचा अंश असतो आणि शरीर तो निभावून नेते. पण चोथा किती वेळ रसात राहिला, तापमान किती होते, कोणती एन्झाइमे वापरली, यावर त्याचे प्रमाण ठरते. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसे दगावली, तेव्हा मिथेनॉल हे नाव मुंबईत घरोघरी पोचले. तिथले मिथेनॉल दारूत बाहेरून आलेले होते, फळातून उतरलेले नव्हे, आणि त्याचे प्रमाणही कैक पटींनी जास्त होते. तरीही ज्या द्रव्याची मोठी मात्रा डोळे आणि जीव दोन्ही घेते, त्याची लहान मात्रा मोजून पाहण्यात कसूर होऊ नये.

अल्कोहोलचा प्रश्न याहून साधा आणि म्हणूनच दुर्लक्षित. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या मद्यविषयक मानकांनुसार ०.५ टक्क्याहून जास्त अल्कोहोल असलेले पेय मद्यात मोडते. आंबवलेल्या फळरसाला ही रेषा ओलांडायला फारसे काही करावे लागत नाही. रस नीट पाश्चराइझ केला नसेल आणि त्यात साखर उरली असेल, तर बाटलीतही किण्वन चालूच राहते. कारखान्यातून निघताना ०.३ टक्के असलेले अल्कोहोल दुकानात उन्हात ठेवलेल्या बाटलीत तेवढेच राहील, याची हमी कोणी द्यायची? गर्भवती, यकृताचे रुग्ण, लहान मुले, दारू सोडण्याची धडपड करणारा माणूस आणि धर्माने किंवा मनाने मद्य वर्ज्य मानणारा माणूस, या सर्वांना हा आकडा कळण्याचा हक्क आहे.

उलट रस नीट पाश्चराइझ केला असेल, तर त्यातले उपयुक्त जिवाणूही मेलेले असतात. ‘आंबवलेले’ म्हणजे आपोआप ‘प्रोबायोटिक’ असे होत नाही. प्रोबायोटिक म्हणवून घ्यायचे तर जिवाणूंची नेमकी जात आणि त्यांची जिवंत संख्या सांगावी लागते. बाटलीवरच्या हिरव्या पानांच्या चित्राआड हा फरक सहज लपून जातो.

बॅच तपासली नाही तर काय होते, हे जपानने २०२४ मध्ये पाहिले. कोबायाशी फार्मास्युटिकल या नामांकित कंपनीचे ‘बेनी-कोजी’ हे आहारपूरक कोलेस्टेरॉल कमी करण्यासाठी घेतले जात होते. ते फळापासून केलेले नव्हते. तांदळावर लाल बुरशी वाढवून, म्हणजे किण्वनानेच तयार केलेले होते. ही पद्धत शतकानुशतकांची. जानेवारी २०२४ मध्ये मूत्रपिंडाच्या त्रासाची पहिली तक्रार डॉक्टरांकडून कंपनीकडे आली. कंपनीने ती जाहीर करून माल परत मागवला २२ मार्चला. मधल्या दोन महिन्यांत लोक गोळ्या घेतच होते. पाचशेच्या आसपास माणसे रुग्णालयात दाखल झाली आणि शंभराहून जास्त मृत्यूंचा या गोळ्यांशी संबंध आहे का, याचा तपास करावा लागला. तपासात सापडले प्युबेरुलिक ॲसिड. लाल बुरशी ते करत नाही. उत्पादनात शिरलेल्या पेनिसिलियम कुळातल्या निळ्या बुरशीने ते केले होते.

या प्रकरणातला सर्वांत बोचरा भाग चौकशी अहवालात आहे. कामगाराला टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला निळी बुरशी दिसली होती. त्याने तसे सांगितलेही होते. गुणवत्ता विभागाकडून उत्तर मिळाले की थोडीफार बुरशी मिसळायचीच. कृती तीच होती, कंपनी तीच होती, यंत्रे तीच होती. काही बॅच मात्र विषारी निघाल्या. जपानमध्ये २०१५ पासून अशा पूरकांसाठी सरकारची पूर्वपरवानगी लागत नाही, कंपनीने पुरावा जोडून नोंद केली की पुरते. या प्रकरणानंतर सप्टेंबर २०२४ पासून दुष्परिणामांची माहिती सरकारला कळवणे तिथे सक्तीचे झाले. जपानसारख्या काटेकोर देशाला ही सक्ती इतक्या उशिरा आणि इतकी किंमत मोजून करावी लागली, ही गोष्ट आपल्या नियामकांनी लिहून ठेवावी अशी आहे.

आता फळाकडे येऊ. नोनी म्हणजे आपल्याकडची बारतोंडी किंवा आल. हिच्या मुळांचा लाल रंग कापड रंगवायला वापरत. पॅसिफिक बेटांवर हिची पिकलेली फळे बंद भांड्यात दोन-दोन महिने ठेवून पाझरलेला रस घेतात. युरोपीय संघाने जून २००३ मध्ये एका कंपनीच्या नोनी रसाला ‘नवीन अन्न’ म्हणून परवानगी दिली. ती देण्याआधी कागदावर बरेच काही मागितले गेले: रसात काय-काय आहे, तो कसा बनतो, प्राण्यांवरच्या चाचण्या काय सांगतात. दोन वर्षांनी, २००५ मध्ये ऑस्ट्रियातल्या डॉक्टरांनी नोनी रस घेणाऱ्या काही रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याचे नोंदवले. त्यातल्या एका २९ वर्षांच्या तरुणावर यकृत प्रत्यारोपण करावे लागले. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने सगळी माहिती पुन्हा तपासली आणि सप्टेंबर २००६ मध्ये मत दिले की लोक ज्या प्रमाणात हा रस घेतात त्या प्रमाणात तो यकृताला अपाय करत असेल, असे मानण्याजोगा पुरावा नाही.

हा निकाल नोनीच्या बाजूने गेला आणि विक्रेते तो अभिमानाने सांगतात. मात्र तो कशाबद्दल होता, हे सांगायचे राहून जाते. तो विशिष्ट पद्धतीने, बिया काढून केलेल्या रसाबद्दल होता. नोनीच्या मुळांत आणि बियांत अँथ्राक्विनोन गटातली द्रव्ये असतात आणि त्यातल्या काहींबद्दल पेशींच्या जनुकांवर परिणाम होण्याची शंका आहे. नीट केलेल्या रसात ती सापडत नाहीत. फळ बियांसकट भरडून आंबवले तर काय, हे वेगळे तपासावे लागते. त्यामुळेच दुसऱ्या कंपन्यांना युरोपात नोनी विकायची झाली तेव्हा आपला रस मूळ मंजूर रसाशी खरोखर समतुल्य आहे, हे त्यांना दाखवावे लागले. कोल्हापूर किंवा नांदेडच्या दुकानातल्या बाटलीला युरोपातल्या त्या निकालाचा आधार हवा असेल, तर तीही त्याच कसोटीवर उतरली पाहिजे.

‘सुरक्षितता चाचणी झालेले’ या शब्दांचा अर्थ म्हणूनच नीट समजून घ्यायला हवा. त्या चाचण्यांची एक ठरलेली साखळी असते. आधी साल्मोनेला जिवाणूंवरची एम्स चाचणी होते. पदार्थामुळे जनुकांत बदल होतात का, हे तिच्यात दिसते. नंतर उंदरांच्या वेगवेगळ्या गटांना रोज, ९० दिवस, वेगवेगळ्या मात्रेत तो पदार्थ देतात. त्यांचे वजन, रक्त, यकृत, मूत्रपिंड सगळे तपासतात. ज्या मात्रेपर्यंत काहीही वाईट दिसले नाही, तो आकडा साधारणपणे शंभराने भागून माणसाची रोजची सुरक्षित मात्रा काढतात. दहापट सूट उंदीर आणि माणूस यांच्यातल्या फरकासाठी, दहापट माणसामाणसांतल्या फरकासाठी. त्यापुढे मोजक्या निरोगी स्वयंसेवकांवर काही आठवडे पाहणी होते. हे सगळे काम गंभीर आणि खर्चिक आहे. पण ते ज्या नमुन्यावर झाले, त्याच नमुन्यासारखी पुढची प्रत्येक बाटली असेल, या गृहीतावर ते उभे असते. ते गृहीत खरे ठरवण्याचे काम बॅचची तपासणी करते. ती नसेल तर उंदरांवरचा उत्तम अहवालही केवळ माहितीपत्रकाची शोभा वाढवतो.

निरोगी माणसाला चालणारी गोष्ट आजारी माणसाला चालेलच असे नाही, हेही नोनीनेच दाखवले. २००० साली अमेरिकेतल्या एका मूत्रपिंड-विकार नियतकालिकात डॉक्टरांनी एका रुग्णाची हकिगत छापली. मूत्रपिंडाचा जुना आजार, त्यामुळे पोटॅशियमवर बंधन, तरी रक्तातले पोटॅशियम वाढलेले. शोध घेतला तेव्हा कळले की तो नोनीचा रस घेत होता. तपासणीत त्या रसात लिटरमागे सुमारे २२०० मिलिग्रॅम पोटॅशियम निघाले, म्हणजे संत्र्याच्या रसाइतकेच. संत्रे खाऊ नका, असे डॉक्टर त्या रुग्णाला सांगतातच. ‘नैसर्गिक आरोग्यरस’ घेऊ नका, असे कोण सांगणार? बाटलीवर पोटॅशियमचा आकडा असता तर डॉक्टरांना आणि रुग्णाला तो तिथेच दिसला असता.

आंबवलेल्या पपईची गोष्ट वेगळ्या दिशेने आकडे पाहण्याचीच गरज सांगते. जपानी पद्धतीने पपई यीस्टबरोबर महिनोन्‌महिने आंबवून केलेली पूड जगभर गाजली. २००२ मध्ये एचआयव्ही विषाणूचे सहसंशोधक ल्यूक मोंतान्ये यांनी ती पोप जॉन पॉल दुसरे यांना दिली, तेव्हा तिची कीर्ती फार वाढली. मोंतान्येंना पुढे २००८ मध्ये नोबेल मिळाले. या पुडीवर काही छोटे अभ्यास झाले आहेत. पण तिचे प्रकाशित झालेले विश्लेषण पाहिले तर शंभर ग्रॅममध्ये नव्वद ग्रॅमच्या आसपास कर्बोदके आणि जीवनसत्त्वे-खनिजे अगदी थोडी. मोठ्या माणसाचा हात लागला म्हणून पदार्थाची रचना बदलत नाही. ‘डॉक्टरांनी सांगितलेले’, ‘परदेशात गाजलेले’, ‘अमुक पदाधिकारी घेतात’ या शिफारशी ऐकताना मराठी ग्राहकाने आधी विश्लेषणाचा कागद मागावा.

या बाबतीत आपल्या जुन्या परंपरेने नव्या बाजारापेक्षा जास्त शिस्त दाखवली आहे. द्राक्षासव हे आंबवलेल्या फळाचे पूरकच म्हणावे लागेल. द्राक्षे, गूळ किंवा साखर, धायटीची फुले आणि मसाल्याची द्रव्ये भांड्यात घालून, तोंड बंद करून महिनाभर संधानाला ठेवतात. धायटीच्या फुलांवरचे यीस्ट किण्वनाला मदत करते. आसव-अरिष्टांत आपोआप तयार झालेले अल्कोहोल साधारण पाच ते दहा-बारा टक्के असते. मुंबई-पनवेल-पुण्यातल्या जुन्या औषधशाळा पिढ्यान्‌पिढ्या ती बनवत आल्या आहेत. भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियात या कल्पांची मानके आहेत. ती तयार झालेले आसवच तपासायला सांगतात: अल्कोहोल किती, शर्करा किती, आम्लता किती, मिथेनॉल आहे का. म्हणजे भांड्यात काय घातले एवढ्यावर समाधान न मानता बाटलीत काय उतरले, हे पाहण्याची रीत आपल्याकडे लिहिलेली आहे.

अर्थात लिहिलेले असणे आणि पाळलेले असणे यात अंतर असते. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस गुजरातमधल्या खेडा जिल्ह्यात ‘कालमेघासव’ म्हणून किराणा दुकानातून विकलेले सिरप प्यायल्यावर किमान पाच जण दगावले. रक्ताच्या नमुन्यात मिथाइल अल्कोहोल सापडल्याचे पोलिसांनी सांगितले. ग्रंथांत आसवाचा पाठ अचूक आहे. त्या दुकानातल्या बाटल्या कोणी उघडून तपासल्या असत्या तर त्या विकल्या गेल्या नसत्या.

मुंबई हा धडा १९८६ मध्येच शिकली होती. जेजे रुग्णालयात डोळ्यांचा आणि मेंदूचा दाब कमी करण्यासाठी दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेले होते आणि चौदा रुग्णांचा मृत्यू झाला. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशीने खरेदीपासून तपासणीपर्यंतची सगळी साखळी उघडी पाडली. ग्लिसरॉल हे नाव निर्दोष होते, दोष त्या मालात होता.

किड स्ट्रीटवरच्या औषध प्रयोगशाळेची मुळेही अशाच अनुभवात आहेत. १९२० च्या दशकात भेसळीचे आणि कमी ताकदीचे क्विनीन देशभर विकले जात होते. ओरड वाढली तेव्हा सरकारने ऑगस्ट १९३० मध्ये औषध चौकशी समिती नेमली. अध्यक्ष होते कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधले औषधशास्त्राचे प्राध्यापक कर्नल रामनाथ चोप्रा. समितीचा अहवाल १९३१ मध्ये आला. १९३७ मध्ये कोलकात्यात बायोकेमिकल स्टँडर्डायझेशन लॅबोरेटरी सुरू झाली, १९४० मध्ये औषध कायदा झाला आणि त्याच प्रयोगशाळेची पुढे सेंट्रल ड्रग्ज लॅबोरेटरी झाली. देशी वनौषधींवर आयुष्यभर काम केलेल्या चोप्रांचा आग्रह होता की देशी द्रव्यांचीही मोजमापाने परीक्षा व्हावी. त्यांना ती द्रव्ये कमी लेखायची नव्हती. लोकांनी विश्वासाने घ्यावीत इतकी ती पक्की करायची होती. औषधांच्या बाबतीत तो आग्रह कायद्यात उतरला. आज गोळी असो वा इंजेक्शन, बाजारात जाण्याआधी तिची प्रत्येक बॅच तपासावी लागते.

पूरकांचा कायदा मात्र अन्नाच्या बाजूने वाढला. २०१३ मध्ये एफएसएसएआयने एका सूचनेद्वारे अशा उत्पादनांना बाजारात येण्याआधी मंजुरी सक्तीची केली. व्हायटल न्यूट्रास्युटिकल्स कंपनीने त्याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. नियम करण्याची कायदेशीर पद्धत डावलून केवळ सूचनेने अशी सक्ती करता येत नाही, असा निकाल न्यायालयाने ३० जून २०१४ रोजी दिला आणि १९ ऑगस्ट २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. निकाल कायद्याच्या दृष्टीने योग्यच होता. पूर्वमंजुरीची पद्धत गेली. डिसेंबर २०१६ मध्ये पूरकांचे नियम अधिसूचित झाले, २०२२ मध्ये ते सुधारले गेले. हे नियम घटकांच्या याद्यांवर उभे आहेत: कोणती वनस्पती, तिचा कोणता भाग, किती मात्रा. वाळवून दळलेल्या पानांसाठी ही रचना ठीक आहे. आंबवलेल्या फळासाठी ती अपुरी पडते, कारण यादीतले फळ टाकीत गेल्यावर तेच राहत नाही.

तपासणीचे काय? परवान्याच्या अटींनुसार उत्पादकाने रासायनिक आणि जैविक दूषितांची तपासणी किमान सहा महिन्यांतून एकदा करायची असते. महिन्याला एक बॅच काढणाऱ्या कारखान्यात याचा अर्थ सहा बॅचपैकी पाच न तपासता विकल्या तरी अट पाळल्यासारखी होते. कोबायाशीच्या टाकीवरची निळी बुरशी या पाचांत आली असती की सहाव्यात, हे दैवावर सोडलेले. शिवाय जो अहवाल तयार होतो तो नियामकाकडे जातो. ग्राहकाला तो बाटलीवर किंवा संकेतस्थळावर दिसावा, अशी अट नाही.

तपासणीही विश्वासार्ह हवी. याचा धडा किड स्ट्रीटच्याच दुसऱ्या दाराशी मिळतो. मार्च २०१४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या बाराबंकीत मॅगीचा नमुना घेतला गेला. तो गोरखपूरमार्गे कोलकात्याच्या सेंट्रल फूड लॅबोरेटरीत आला आणि एप्रिल २०१५ मध्ये अहवाल मिळाला: शिसे १७.२ पीपीएम, मर्यादा २.५. जूनमध्ये देशभर बंदी आली. १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर बंदी उभी होती त्यांना कायद्याला हवी ती मान्यता नव्हती आणि कंपनीला बाजू मांडू दिली गेली नव्हती, हे त्यातले मुख्य मुद्दे होते. न्यायालयाने सांगितलेल्या तीन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत फेरतपासणी झाली तेव्हा शिसे मर्यादेत निघाले. अन्न विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यावा, असे कायदा म्हणतो आणि इथे वर्ष उलटून गेले होते. उशिरा आणि मान्यतेशिवाय केलेल्या तपासणीने ग्राहकाचेही भले होत नाही आणि उत्पादकाचेही.

प्रत्येक बॅचची सक्ती केली तर छोटे उत्पादक मरतील, हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. देवगड, कुडाळ, सावंतवाडीतले महिला बचत गट जांभूळ, काजूबोंड, करवंदांवर प्रक्रिया करून चार पैसे मिळवतात. दर बॅचमागे महागडी तपासणी त्यांना परवडणार नाही. पण तपासणीचेही टप्पे पाडता येतात. आम्लता मोजायला साधा पीएच मीटर पुरतो आणि पीएच ४.६ च्या खाली असेल तर बोटुलिझमसारख्या भयंकर धोक्याचे दार बंद होते. अल्कोहोलचे मोजमापही छोट्या उपकरणांनी होते. मिथेनॉल, जड धातू आणि बुरशीची विषे यांच्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफसारखी यंत्रे लागतात, ती जिल्ह्याला एक अशी सामायिक असू शकतात. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठासारख्या संस्थेत फळप्रक्रियेचे ज्ञान आहेच. तिच्यामार्फत अनुदानित तपासणी केंद्रे चालवली तर बचत गटाची बाटली मोठ्या कंपनीच्या बाटलीशेजारी ताठ मानेने उभी राहील. साध्या सरबताला किंवा लोणच्याला ही सक्ती नकोच. जो माल आरोग्याचा दावा करून रोज, महिनोन्‌महिने घ्यायला सांगतो आणि तोही आंबवलेला असतो, त्याच्यापुरतीच ती असावी.

दुसरा आक्षेप असा की लोक हे स्वतःच्या मर्जीने घेतात, सरकारने मध्ये का पडावे? मर्जीला अर्थ येतो तो माहितीने. मधुमेहाची गोळी बंद करून रसावर भरवसा ठेवणाऱ्या आजोबांना बाटलीत साखर किती हे माहीत नसेल, तर तो त्यांचा निर्णय कसा म्हणायचा?

तेव्हा मागणी स्पष्ट असावी. आंबवलेल्या फळांच्या पूरकांसाठी एफएसएसएआयने स्वतंत्र मानक करावे. त्यात प्रत्येक बॅचचे अल्कोहोल, मिथेनॉल, एकूण साखर, पोटॅशियम, शिसे-आर्सेनिक-कॅडमियम-पारा आणि बुरशी-जिवाणूंची तपासणी एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत व्हावी. अल्कोहोलची तपासणी मुदत संपताना पुन्हा व्हावी. बाटलीवरच्या क्यूआर कोडवर त्याच बॅचचा अहवाल दिसावा. मूत्रपिंड, यकृत, गर्भावस्था यांच्यासाठीची सूचना मराठीत, वाचता येईल अशा अक्षरांत असावी. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी राष्ट्रीय यंत्रणा २०१० पासून आहे. पूरकांचे दुष्परिणाम कळवणे जपानसारखे कंपन्यांवर बंधनकारक करून त्याच यंत्रणेला जोडावे, म्हणजे नागपूरच्या डॉक्टरने पाहिलेली कावीळ आणि नाशिकच्या डॉक्टरने पाहिलेली कावीळ एकाच बॅचची आहे का, हे कोणाला तरी कळेल.

तोवर ग्राहकाच्या हातात काहीच नाही, असे नाही. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० नुसार कोणीही खरेदीदार शुल्क भरून आपण घेतलेले अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो आणि अहवालात नियमभंग निघाला तर ते शुल्क परत मिळते. आजार बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात दिसली तर कलम ५३ खाली दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तक्रार जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात करता येते. ग्राहक पंचायतींनी दर जिल्ह्यातून अशा पाच-पाच बाटल्या उचलून कलम ४० चा वापर केला आणि निकाल वृत्तपत्रांत छापून आणले, तर नियामकाला हालचाल करावीच लागेल.

आणि नियामकाला यासाठी संसदेत जाण्याचीही गरज नाही. सहा महिन्यांतून एकदा तपासणीची अट २०११ च्या परवाना व नोंदणी नियमांतल्या परवान्याच्या शर्तींमध्ये आहे. किण्वित पूरकांपुरती ती ‘प्रत्येक बॅच’ अशी बदलायची, तर मसुदा अधिसूचना काढून, हरकती मागवून, नियमाच्या रीतसर मार्गाने ते करता येते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये नेमका तोच मार्ग दाखवला होता.